कात्रीने आणलेला हिवाळा

तेरणेच्या काठी उतरा. बार्शीवरून आलेला डांबरी रस्ता पायाखाली नाही, एसटी नाही, गोरोबाकाकांचं देऊळ उभं राहायलाही अजून बारा-तेराशे वर्षं अवकाश आहे. आज ज्याला तुम्ही तेर म्हणता त्या गावाचं नाव तगर. इसवी सनाचं पहिलं शतक निम्म्यावर आलंय आणि तुम्ही एका वखारीच्या दारात कापडाच्या गाठोड्यांमध्ये अवघडून उभे आहात.

गाठोडी भडोचला जायची आहेत. इथून पैठण दहा दिवस, पैठणहून भडोच वीस दिवस. हा हिशेब एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' या आपल्या प्रवासवहीत टिपून ठेवलाय. स्वतःचं नाव घालायला मात्र तो विसरला. तगरहून जाडंभरडं कापड जातं, मलमल जाते. भडोचच्या बंदरात बाहेरून काय उतरतं त्याचीही यादी त्याने दिली आहे. त्या यादीत वाइन आहे: इटलीची पहिल्या पसंतीची, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. सोलापूरकराला यात नवल वाटू नये. कापड विकायचं आणि त्या पैशात थोडी हौस करायची, हे आपल्या भागात चादरींच्याही फार आधीपासून चालत आलंय.

कापड घेऊन गेलेल्या गाड्या रिकाम्या परतत नसणार असं माझं मत. तेव्हा कोपऱ्यातल्या वाळूत रोवलेल्या त्या उंच कुंभाकडे बघा. दोन कान, लांब मान, बूड निमुळतं. बूच काढलं की आधी राळेचा भपकारा येतो, कारण माती पाझरू नये म्हणून आतून राळ फासलेली असते. मग जड, आंबूस वास. थोडं पाणी मिसळून पेला तुमच्या हातात येतो. रोमन लोक बिनपाण्याची पिणाऱ्याला रानटी समजतात. तुम्ही घोट घेता. ही वाइन इटलीहून निघून इजिप्तचं वाळवंट ओलांडून, मोसमी वाऱ्यावर समुद्र कापून आणि वर महिनाभर बैलगाडीत तापून आलेली आहे, आणि तशीच लागते. वखारवाला कौतुकाने तुमच्याकडे बघतोय म्हणून मान डोलवा आणि पेला खाली ठेवा.

वाइन आली, वेल आली नाही. इटलीची वेल सोलापूरच्या मुरमात उतरायला अजून साडेएकोणीसशे वर्षं आहेत.

तोवर तेराशे वर्षं पुढे सरका, देवगिरीच्या पायथ्याशी. साल १३४२. मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणली आणि परतही नेली. मागे बागा राहिल्यात. मोरोक्कोचा इब्न बतूता इथून जाता जाता नोंद करतो की दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळतात. तो पुढे निघून जातो. तुम्ही मात्र थांबा, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली या एका वाक्यात आहे. बतूताच्या टँजियरमध्ये वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते, वसंतात उठते, वर्षाला एकदा फळते. दख्खनमध्ये तिला झोपवणारी थंडीच पडत नाही. छाटाल तेव्हा ती फुटते. कधी फुटायचं हे इथे वेल ठरवत नाही, माळी ठरवतो.

याचं दुसरं टोक बघायचं तर पार उत्तरेला जावं लागेल.

ऱ्हाइनच्या काठावर, १७७५ चा ऑक्टोबर. अंगावर घोंगडी घ्या. तुम्ही पन्नासाव्या अक्षांशावर उभे आहात. सोलापूर साडेसतराच्या जरा वर. ऱ्हाइन एरवी उत्तरेकडे वाहते, पण विसबाडेनजवळ टाउनुसचे डोंगर आडवे येतात आणि तीसेक किलोमीटर ती पश्चिमेकडे वळते. तेवढ्या वळणापुरता तिच्या उजव्या काठाचा सगळा उतार दक्षिणेला तोंड करून बसतो. पाठीशी डोंगर वारं अडवतो, पुढ्यात रुंद पात्र ऊन परतवतं. एवढाच पट्टा म्हणजे ऱ्हाइनगाऊ. आजही तिथल्या साऱ्या बागा मिळून तीन हजार हेक्टरांच्या आसपासच भरतात, आणि त्यातली बरीचशी जमीन एकाच जातीखाली आहे: रिस्लिंग.

या एवढ्याशा पट्ट्यात नावं किती मोठी! एबरबाखचा मठ सिस्टर्शियन साधूंनी ११३६ मध्ये उभारला. दगडी कुंपणाआडची त्यांची श्टाइनबेर्गची बाग अजून त्याच नावाने ओळखली जाते. 'द नेम ऑफ द रोज' या सिनेमातला अंधारा मठ तुम्ही पाहिला असेल, तर त्याचं चित्रीकरण याच एबरबाखमध्ये झालंय. फोलराड्सच्या गढीकडे १२११ मध्ये वाइन विकल्याचा कागद आहे. रिस्लिंगचं नाव पहिल्यांदा सापडतं ते पलीकडच्या रूसेल्सहाइममध्ये, १४३५ सालच्या एका हिशेबात, रोपांच्या खरेदीपोटी. म्हणजे जातीची जन्मपत्रिका कुणा पंडिताने नाही, कारकुनाने लिहिली.

तुम्ही मात्र उभे आहात योहानिसबेर्गला, टेकडीवरच्या मठाच्या बागेत. फुल्दाच्या धर्मगुरूने, म्हणजे तिथल्या राजानेच, ही पडीक जागा १७१६ मध्ये विकत घेतली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिच्यावर तीन लाखांच्या घरात वेली लावल्या, रिस्लिंगच्या. त्या काळी एका बागेत पाच-सहा जाती मिसळून लावायची रीत होती. एकच जात अख्ख्या टेकडीवर लावणं हा जुगार होता. तीन लाखांचा हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

जुगार यासाठी की रिस्लिंग उशिरा पिकते. तिचं लाकूड कणखर, कडाक्याची थंडी सोसणारं. डोळे उशिरा फुटतात म्हणून वसंतातल्या हिमातून वाचते. पण सप्टेंबर संपला तरी मणी हिरवे, घट्ट, आंबट. जूनमध्ये इथे सोळा तास उजेड असतो, त्या उधारीवर तिला ऑक्टोबर काढायचा असतो. ऊन एकेक दिवसाने कमी होतंय, पाऊस कधीही येईल, आणि द्राक्षं तोडायला फुल्दाहून परवानगी यायला हवी. ते दीडशे किलोमीटरवर आहे. द्राक्षांचा नमुना घेऊन स्वार कधीच गेलाय. तो अजून परतलेला नाही.

शेजारच्या बागांत तोडणी उरकली. तुमच्या शेजारचा साधू रोज सकाळी फाटकापर्यंत जाऊन येतो. वेलींकडे बघा. मण्यांवर आधी तपकिरी ठिपका, मग जांभळट झाक, मग राखाडी बुरशीची लव. मणी सुरकुततात, गळतात, काही घडांचा नुसता लगदा उरतो. सोलापूरच्या बागायतदाराला हा देखावा उभ्या उभ्या बघवणार नाही. भुरीचा एक ठिपका दिसला तरी ब्लोअर जोडायला धावणारे आपण, आणि इथे अख्खी टेकडी बुरशीने खाल्लीय आणि माणसं परवानगीची वाट बघत बसलीत.

स्वार आला तेव्हा आठवडे उलटले होते. का उशीर झाला याच्या दंतकथा पुष्कळ. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त गमतीची वाटते: याच सुमाराला इकडे बारभाईंचे जासूद घाट उतरत-चढत धावताहेत, पुरंदरावर जन्मलेले सवाई माधवराव अवघे दीड वर्षाचे आहेत. आपल्याकडे जासुदाला इतका उशीर झाला असता तर कुणाची तरी मान गेली असती.

योहानिसबेर्गला ती सडकी द्राक्षं तोडली, पिळली, पिंपांत भरली. १७७६ च्या वसंतात तळघरात उतरा आणि चाखा. बुरशीने मण्याच्या सालीला बारीक भोकं पाडली, त्यातून पाणी उडून गेलं आणि आत साखर नि आंबटपणा आटून घट्ट झाला. सकाळचं धुकं आणि दुपारचं कोरडं ऊन असं दोन्ही मिळालं तरच हे होतं. नुसता ओलावा असेल तर ती साधी सडच. जिभेवर मधाचा गोडवा येतो आणि मागून लिंबासारखा आंबटपणा तो कापत जातो. यानंतर उशिरा तोडणी ही ऱ्हाइनगाऊची रीत झाली, जर्मन कायद्यात तिची वेगळी प्रत ठरली आणि उशीर करणाऱ्या स्वाराचा पुतळा योहानिसबेर्गच्या आवारात बसला. कामाला उशीर केल्याबद्दल पुतळा मिळालेला दुसरा सरकारी नोकर मला माहीत नाही.

आता परत या. दोनशे वर्षं एका उडीत पार करा. मधली सोलापूरची कहाणी कापसाची, गिरण्यांची आणि दुष्काळांची आहे, द्राक्षांची नाही. १९७२ मध्ये पाय टेकतील तिथे खडी फोडणाऱ्या बायका आणि सुकडीच्या रांगा दिसतील. तिथे रेंगाळू नका. आणखी पाच-सात वर्षं पुढे, बार्शी रस्त्यावर, नान्नजला थांबा.

हा माळढोकाचा मुलूख. १९७९ मध्ये इथलं माळरान अभयारण्य होतं. कुसळी गवत, मुरूम, लांबवर बाभळी. आणि या माळाच्या कडेला नानासाहेब काळे यांची द्राक्षबाग. थॉमसन सीडलेस, अमेरिकेहून फिरत आलेली, बिनबियांची. तुम्ही मांडवाखाली वाकून शिरता. फेब्रुवारी आहे, डोक्यावर घड लोंबताहेत, खाली वाळक्या पानांचा चुरा.

"डोकं सांभाळा, पाव्हणं," पुढचा गडी म्हणतो. "घडाला लागलं तर मणी गळत्यात."

तो एका वेलीपाशी थांबतो. सगळी बाग एका जातीची, एकाच मापाने छाटलेली, एकच खत. तरी या काडीवरचे मणी बाकीच्यांहून लांब आहेत, रंगाला पिवळसर सोनेरी. वेलीच्या एखाद्या डोळ्यात निसर्ग असा फरक कधीमधी करून ठेवतो; शंभरातल्या नव्व्याण्णवांना तो दिसत नाही, आणि दिसला तर घड क्रेटात जातो आणि विषय संपतो. नान्नजला तो विषय संपला नाही. काडी राखली, तिची कलमं केली, ती पुन्हा तशीच फळतात का हे पाहिलं. त्यातून 'सोनाका' आली, लांब मण्यांची, आणि सोलापूर-सांगलीच्या बागा तिने भरल्या. किशमिश चोर्नी या काळ्या जातीतून अशीच निवड होऊन 'शरद सीडलेस' निघाली. मागून काळे घराण्याच्या पुढच्या पिढीनेही नव्या जाती काढल्या. योहानिसबेर्गने एक जात धरली आणि तीनशे वर्षं सोडली नाही. नान्नजने एका आयुष्यात जात बदलून दाखवली, तीही प्रयोगशाळेशिवाय. मला विचाराल तर पुतळा इथेही बसायला हरकत नाही.

त्याच गड्याबरोबर एप्रिलमध्ये परत या आणि काय चाललंय ते बघा. पारा चाळिशीपार. खरड छाटणी: सगळी काडी कापून एक-दोन डोळ्यांवर आणतात, बाग बोडकी करून टाकतात. त्यातून फुटलेल्या नव्या काडीत उन्हाळाभर आणि पावसाळ्यात पुढच्या वर्षाच्या घडांचे डोळे तयार होतात. फळ मात्र घ्यायचं नाही. मग ऑक्टोबरात दुसरी छाटणी, फळछाटणी. आधी पानगळ करून घेतात, काडी मोजून कापतात आणि हातमोजे घातलेली पोरं फडक्याने किंवा ब्रशने एकेका डोळ्याला औषध चोळत जातात. याला पेस्टिंग म्हणतात. हायड्रोजन सायनामाइडने डोळ्याला वाटतं की थंडी पडून गेली, आता उठायला हवं. मग सगळे एकदम फुटतात. ऱ्हाइनला चार महिन्यांची थंडी जे काम फुकट करते, ते इथे कात्री, मजुरी आणि बाटलीतलं औषध मिळून करतात. बतूताने पाहिलेली दोन पिकं आपण पुढे एकावर आणली. दोन छाटण्या, एक पीक. दोन्ही घेत राहिलो तर वेल लवकर म्हातारी होते.

नव्वदच्या दशकात विहिरी खारावल्या आणि पाणी खोल गेलं, तेव्हा वेलीच्या पायाखालची मुळंही बदलली. डॉगरिज नावाच्या रानटी अमेरिकी वेलीचा खुंट लावायचा, तो रुजला की त्यावर सोनाकाचा किंवा थॉमसनचा डोळा भरायचा. ऱ्हाइनच्या रिस्लिंगवरही हीच पाळी आली होती, फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीमुळे. आज दोन्हीकडे वर वेल आपापली, खाली मूळ अमेरिकी.

तुम्ही २००७ मध्ये माळशिरस तालुक्यात येता, मोटेवाडीच्या माळावर. अकलूजचा ऊस, नीरेचा कालवा आणि साखर कारखान्यांची धुराडी मागे राहिली. इथे उतार आहे, मुरूम आहे, आणि पेट्या उतरताहेत. पेटीत ओलसर भुशात गुंडाळलेली फ्रान्सहून आलेली कलमं. एक हातात घ्या: वीतभर काडी, खाली आखडलेली मुळं, जोडावर आणि टोकाला मेणाचं टोपण. झोपलेली आहे. आयुष्यात तिने पाहिलेली ही शेवटची खरी थंडी.

अशी साडेतीन लाखांच्या घरात रोपं, डझनभर जातींची, मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथल्या २४० एकरांवर. योहानिसबेर्गचा आकडा आठवला का? तिथे राजा एक होता, इथे भावांच्या तीन जोड्या: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची. म्हणून नावही 'फ्रातेल्ली', भाऊ. वाइन करायला तस्कनीहून पिएरो मासी. दोन हजार वर्षांपूर्वी कुंभात बसून जी आली होती तिची वेल अखेर मुळांसकट आली, आणि तीही तस्कनीची लाडकी सांजोवेजे.

रिस्लिंग का नाही, असं तुम्ही विचाराल. नाशकात सुलाने ती लावली, तिची वाइन विकलीही. पण रिस्लिंगचा जीव तिच्या आंबटपणात, आणि तो टिकतो गार, लांबलेल्या शरदात. माळशिरसमध्ये द्राक्ष पिकायला येतं ते उलट दिशेने, थंडीतून उन्हाळ्याकडे. जानेवारीत रात्री गार असतात तोवर ठीक. मार्च उजाडला की मण्यातला आंबटपणा दिवसागणिक जळतो आणि साखर धावत सुटते. तिकडे स्वार उशिरा आला म्हणून नशीब उघडलं. इकडे ट्रॅक्टर चार दिवस उशिरा आला तर बेदाणाच उरेल.

म्हणून तोडणीला पहाटे जा. फेब्रुवारी, अंगावर शाल हवी इतपत गारवा. बायका ओळीने बसत-उठत चालल्यात, एका हातात कात्री, घड क्रेटमध्ये अलगद. मणी बारीक, साल जाड, आत बिया. एक तोंडात टाका. सोनाकाची सवय असलेल्या जिभेला आधी बी लागते, मग सालीचा तुरटपणा, मग अनपेक्षित गोडी. कुणीतरी चार थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर पिळून उजेडाकडे धरतं. खायच्या द्राक्षाला अठराच्या आसपास साखर चालते, यांना बावीसच्या पुढची हवी असते. ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचायला हवेत, नाहीतर वाटेतच आंबायला लागतील.

इथली नावाजलेली लाल वाइन 'सेत्ते', सांजोवेजे आणि कॅबर्ने सोविन्योंची, ओकच्या पिंपांत मुरवलेली. पहिली २००९ च्या द्राक्षांची. सेत्ते म्हणजे सात: सहा भाऊ आणि सातवा मासी. पुढे स्टीव्हन स्पुरियरही इथे येऊन मासींबरोबर वाइन करून गेले. हेच ते, ज्यांनी १९७६ मध्ये पॅरिसच्या चाखणीत फ्रेंचांच्या नाकासमोर कॅलिफोर्नियाला पहिलं आणलं होतं. तुम्ही पेला उचलण्याआधी खिसा चाचपा. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून पुस्तकात आहे आणि त्यानुसार प्यायला परवाना लागतो. पिकवायला, पिळायला, परदेशी पाठवायला सरकारचं उत्तेजन, आणि प्यायला चिठ्ठी. ऱ्हाइनला परवानगी तोडणीला लागायची, आपल्याकडे घोटाला लागते.

शेवटचा थांबा आषाढातला. माउलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला येते, रस्ता पताकांनी भरलेला. तुमच्याबरोबर गारवाडच्या बागेत काम करणारा एक पोरगा आहे, दर्शनाला आलेला. झाडाखाली टेकलेले एक माळकरी बाबा त्याच्या हातावरचे काडीचे ओरखडे बघून विचारतात,

"द्राक्षाच्या बागेवर हायेस का रे?"

"व्हय बाबा."

"आमच्याकडं जुन्नरला शरद हाये, दोन एकर. तुमची कुठली? सोनाका?"

"न्हाय, सांजोवेजे."

"ही कुठली?"

"इटलीची."

बाबा जरा विचार करतात. "बेदाणा पडतो का तिचा?"

"न्हाय वो. वाईनची हाय ती."

तुम्ही आता माळ, दारू आणि पंढरीची वाट यावर काहीतरी ऐकायच्या तयारीत उभे. बाबा उठून धोतर झटकतात, टाळ गळ्यात अडकवतात.

"कुठली का असंना. फळछाटणी घाईनं सप्टेंबरात धरू नका. परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर आला की डावणी सगळी बाग नेती. मालकाला सांग तुझ्या," एवढं बजावून ते दिंडी गाठायला झपाझप निघतात.